काचेला कमी, लाकडाला जास्त

शाळेची जुनी प्रयोगशाळा, वाचनालयाचा माळा, एखाद्या हौशी मंडळाची बंद पडलेली खोली अशा जागी शोधलं तर चादरीत गुंडाळलेली दुर्बीण अजूनही सापडते. महाराष्ट्रात या दुर्बिणी लाटेलाटेनं आल्या. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू, १९९७ मध्ये हेल-बॉप, ८ जून २००४ला शुक्राचं अधिक्रमण, २००९चं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष. दर वेळी वर्गणी निघाली. कुठे दुर्बीण विकत आली, कुठे कार्यशाळेत आरसा घासून तयार झाली. काही वर्षं गच्चीवर रांगा लागल्या. मग हौशी शिक्षकांची बदली झाली, पावसाळ्यात कुणीतरी झाकण लावायचं विसरलं, आणि दुर्बीण कपाटावर चढली ती चढलीच.

अशी दुर्बीण हाती आली की बहुतेकांचा हात आधी आरशाकडे जातो. धूळ दिसते, डाग दिसतात, पुसून चकचकीत करावासा वाटतो. सगळ्यात मोठं नुकसान होतं ते तिथेच. काच सहसा टिकून असते. कुजतं ते लाकूड, गंजतात त्या स्प्रिंगा, गोठतं ते ग्रीस आणि डगमगते ती बैठक, म्हणजे नळी जिच्यावर उभी राहते आणि फिरते ती मांडणी. लोकांना आकाश दाखवायचं असेल तर कष्टांचा मोठा वाटा बैठकीवर खर्च व्हायला हवा आणि आरशावर अगदी थोडा.

पुढचं सगळं ६ इंची, एफ-८ न्यूटोनियन (आरशानं प्रकाश गोळा करणाऱ्या) दुर्बिणीला धरून आहे, म्हणजे आरशाचा व्यास सुमारे १५० मिमी आणि नाभीय अंतर, आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं, त्याच्या आठपट, १२०० मिमी. हातानं आरसा घासणाऱ्यांचं हे जुनं, आवडतं माप. त्यामागे कारणही आहे. आरसा परवलयाकार असायला हवा, पण या मापाला तो नुसता गोलाकार राहिला तरी चूक प्रकाशलहरीच्या जेमतेम पाव भागाइतकी, म्हणजे चालण्याच्या काठावर असते. त्यामुळे एखाद्या नवशिक्या हातानं घडवलेल्या अशा आरशातूनही चंद्र आणि गुरू चांगले दिसतात. नाभीय अंतर कुठे लिहिलेलं नसेल तर अंधाऱ्या खोलीत आरसा भिंतीला टेकवून उभा करावा, एका लहान बल्बशेजारी पांढरा पुठ्ठा धरून बल्ब आणि पुठ्ठा दोन्ही मागेपुढे करावेत. बल्बची स्पष्ट प्रतिमा त्याच्या शेजारीच पुठ्ठ्यावर उमटली की आरशापासूनचं ते अंतर नाभीय अंतराच्या दुप्पट असतं. २४०० मिमी आलं तर आरसा १२००चा.

पहिल्या दिवशी काहीही उघडू नये, नुसतं पाहावं. नळीच्या आत टॉर्च मारली की कोळ्यांची जाळी, पालीची अंडी, कधी कुंभारीण माशीचं मातीचं घरटं दिसतं. दुय्यम आरसा, म्हणजे नळीच्या तोंडाजवळचा तिरपा, लंबवर्तुळाकार सपाट आरसा, बोटाच्या टोकानं मागून अगदी हलके हलवून पाहावा. तो बहुधा डिंकासारख्या चिकट पदार्थानं त्याच्या दांड्यावर बसवलेला असतो आणि वीस-पंचवीस वर्षांत तो डिंक ठिसूळ होतो. नळी उभी असताना हा आरसा सुटला तर मीटरभर खाली थेट मुख्य आरशावर आदळतो. म्हणून सगळ्या कामाचा पहिला नियम हा, की नळी आडवी ठेवायची आणि आधी मुख्य आरसा त्याच्या घरासकट बाहेर काढायचा. मगच दुय्यम आरशाच्या स्क्रूला पेचकस लावायचा. पेचकससुद्धा हातातून निसटतोच.

मुख्य आरसा काढताना नळीवर आणि घरावर पेन्सिलीनं जुळणारी खूण करून ठेवावी, म्हणजे तो परत त्याच दिशेनं बसतो. आता तो खरोखर किती खराब झाला आहे ते पाहू. अंधाऱ्या खोलीत आरशामागे टॉर्च धरली की मुलाम्यातली सुईच्या टोकाएवढी छिद्रं चांदण्यांसारखी चमकतात. पुष्कळ लोक इथेच घाबरतात. घाबरू नये. अॅल्युमिनिअमचा ताजा मुलामा साधारण ८८ टक्के प्रकाश परत पाठवतो. दोन आरशांचा हिशेब धरला तर डोळ्यापर्यंत सुमारे ७७ टक्के प्रकाश येतो. दोन्ही आरसे जुने होऊन ७५ टक्क्यांवर उतरले तर ५६ टक्के. आकडा मोठा वाटतो, पण ताऱ्यांच्या तेजाच्या मापात, म्हणजे प्रतीत मोजला तर हा फरक एका प्रतीचा जेमतेम तिसरा भाग आहे. शहराच्या कडेला चंद्र, शनी, गुरू आणि चार-दोन तारकागुच्छ दाखवायचे असतील तर रांगेतल्या कुणालाही तो जाणवणार नाही. मुलामा पापुद्र्यासारखा सुटला असेल, आरशाच्या मोठ्या भागातून पलीकडचं आरपार दिसत असेल किंवा सगळा पृष्ठभाग दुधट झाला असेल, तरच आरसा नव्या मुलाम्यासाठी निर्वात कक्ष असलेल्या ठिकाणी पाठवावा. जुना मुलामा रसायनानं उतरवण्याचं कामही त्यांच्यावरच सोडावं.

धुवायचा असेल तर पद्धत ठरलेली आहे आणि तीत घाईला जागा नाही. हातातली अंगठी, घड्याळ, बांगड्या काढाव्यात. ब्लोअरनं सुटी धूळ उडवावी. फडका, ब्रश, कोरडा कापूस यांतलं काहीही लावू नये, कारण धुळीत वाळूचे कण असतात आणि मुलामा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. प्लास्टिकच्या टबाच्या तळाशी जाड टॉवेल अंथरावा, त्यावर आरसा तोंड वर करून ठेवावा. पाणी खोलीच्या तापमानाचं हवं. गार काचेवर गरम पाणी पडलं तर ती तडकू शकते. पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे चार-पाच थेंब टाकून आरसा अर्धा तास तसाच राहू द्यावा. पालीची घाण आणि मातीचे डाग असतील तर पाणी बदलून आणखी अर्धा तास. खरं काम हे भिजणंच करतं. नंतर पाण्याखालीच मेडिकलमध्ये मिळणाऱ्या शुद्ध कापसाचा ओला बोळा आरशावरून एकदा, एकाच दिशेनं ओढावा. दाब बोळ्याच्या स्वतःच्या वजनाइतकाच, बोटाचा अजिबात नको. प्रत्येक ओढीला नवा बोळा. शेवटी नळाखाली धुऊन वरून लिटरभर डिस्टिल्ड वॉटर सोडावं. हे पाऊल टाळू नये, कारण बोअरवेलच्या जड पाण्याचे थेंब वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात आणि ते धुळीपेक्षा हट्टी असतात. आरसा कडेवर तिरका उभा करून वाळू द्यावा, उरलेले थेंब टिश्यू पेपरच्या टोकानं टिपून घ्यावेत.

इतकं करूनही बुरशीचे नक्षीदार डाग राहिले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला बोळा एकदा फिरवून पाहावा. तरीही राहिले तर राहू द्यावेत. बुरशीच्या आम्लानं मुलामा खाल्लेला असतो, तो घासून परत येणार नाही. टूथपेस्ट, व्हिनेगर, काच पुसायचा स्प्रे, चांदीची पॉलिश असले सल्ले देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. दुर्बीण भिंगाची असेल तर पुढचं जोडभिंग सुटं करूच नये. दोन काचांमधलं अंतर आणि त्यांचा परस्पर कोन कारखान्यात ठरलेला असतो, तो घरी परत साधत नाही. बाहेरचा पृष्ठभाग तेवढा साफ करावा.

आरसा बाहेर आहे तोवर त्याच्या मधोमध खूण करून घ्यावी. आरशाच्या मापाचा कागदी गोल कापून दोनदा घडी घातली की मध्य मिळतो, तिथे भोक पाडून मार्करनं ठिपका द्यायचा आणि त्याभोवती फाइलीच्या कागदाला लावतात ती चिकट गोल रिंग बसवायची. हा भाग दुय्यम आरशाच्या सावलीतच असतो, त्यामुळे प्रतिमेचं काही बिघडत नाही, आणि पुढची जुळणी मात्र पाच मिनिटांवर येते.

आरशाचं घर, म्हणजे मागची चकती, स्प्रिंगा आणि तीन बोल्ट, मात्र निःसंकोच बदलावं. गंजलेल्या स्प्रिंगा लिबलिबीत होतात आणि नळी वर-खाली केली की आरसा जागचा हलतो. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, जाड तारेच्या स्प्रिंगा, फुलपाखरी नट. लाकडी घर पावसाळ्यात फुगतं, म्हणून जुनं प्लाय सुटलेलं दिसलं तर नवं कापावं आणि कडांसकट रंगवावं. आरसा धरणाऱ्या तीन पकडी कसून आवळायची चूक नेहमी होते. पकड आणि काच यांच्यामध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट हवी. आवळलेल्या पकडी काचेला इतकी सूक्ष्म मुरड घालतात की हाताला कळत नाही, पण तारे तिकोनी दिसू लागतात. रांगेतली मुलं विचारतात, तारा असा का दिसतोय, आणि उत्तर एका स्क्रूत असतं.

नळी पत्र्याची असेल तर आतला गंज पॉलिश पेपरनं काढून रेड ऑक्साइड प्रायमर मारावा आणि वर शाळेच्या फळ्याचा काळा रंग. चमकणारा काळा रंग वापरू नये. फोकसरच्या, म्हणजे डोळ्याकडचं भिंग (आयपीस) मागेपुढे सरकवणाऱ्या छोट्या नळीच्या, समोरच्या भागात रंगात लाकडाचा बारीक भुसा मिसळला तर तिथे कडेचा उजेड आणखी मरतो. रस्त्यावरच्या दिव्यांच्या गावात हा काळा रंग नव्या मुलाम्यापेक्षा जास्त फरक पाडतो.

जुन्या फोकसरची अडचण वेगळी असते. बऱ्याच जुन्या दुर्बिणींना ०.९६५ इंची, म्हणजे २४.५ मिमी व्यासाचे आयपीस लागायचे आणि आज बाजारात १.२५ इंची मिळतात. फोकसर बदलणं सरळ, पण नवा फोकसर जुन्यापेक्षा उंच निघाला तर पूर्ण आत ढकलूनही चंद्र स्पष्ट होत नाही. लोक आयपीसला दोष देतात. खरं तर नाभी फोकसरच्या आत अडकलेली असते. मुख्य आरशाचं घर नळीत एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकवलं की काम होतं. आयपीस दोनच पुरेत. २५ मिमीचा ४८ पट मोठं दाखवतो, १० मिमीचा १२० पट. सोबत आलेला ४ मिमीचा, तीनशे पटीचा आयपीस डब्यातच राहू द्यावा.

त्याच डब्यात एक छोटं, गडद, आयपीसला आट्यांनी बसणारं सूर्याचं फिल्टर असू शकतं. ते त्याच दिवशी हातोडीनं फोडून टाकावं, जपून ठेवू नये आणि कुणाला देऊही नये. आरशानं गोळा केलेली सगळी उष्णता त्या जागी एकवटते, काच तापून तडकते आणि त्याच क्षणी डोळा आयपीसला लागलेला असतो. सूर्य दाखवायचाच असेल तर फिल्टर नळीच्या तोंडावर, पूर्ण व्यास झाकणारं आणि वाऱ्यानं न उडणारं हवं. फाइंडरवरही, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवरही, झाकण घालावं.

आता बैठक. सापडलेल्या दुर्बिणीला अनेकदा तीन बारीक पायांची विषुववृत्तीय, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारी, बैठक असते, मोटार मेलेली, गिअरमधलं ग्रीस मेणासारखं झालेलं. ग्रीस रॉकेलनं धुऊन लिथियम ग्रीस भरता येतं. पण यातल्या बऱ्याच बैठकी युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांसाठी बनलेल्या असतात. पुण्याचा अक्षांश १८.५ अंश. अक्ष इतका खाली झुकवला की कधी स्क्रूच संपतो, कधी वजनाचा दांडा तिवईच्या पायावर आपटतो. जत्रेसारख्या गर्दीत आयपीस दर वेळी वेगळ्याच कोनात वळतो ते निराळंच. माझं मत स्पष्ट आहे. लोकांसाठीची दुर्बीण असेल तर ही बैठक बाजूला ठेवून डॉब्सोनियन खोका बांधावा, म्हणजे नळी ज्यात वर-खाली होते आणि जो खालच्या पाटीवर गोल फिरतो असा लाकडी खोका.

हा खोका ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते जॉन डॉब्सन १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले आणि १९६७पर्यंत संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले. मठ सोडल्यावर १९६८ मध्ये मित्रांसोबत फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवणारी मंडळी उभी केली. त्यांच्या बैठकीत मोटार नाही, गिअर नाहीत. सुताराला कळेल असं सगळं. रस्त्यावरच्या माणसासाठी जन्मलेली ही बैठक आपल्या गच्च्यांना आणि मैदानांना म्हणूनच चांगली लागू पडते.

खोक्याला १८ मिमीचं मरीन प्लाय घ्यावं, कापलेल्या कडा प्रायमरनं बंद कराव्यात. खालची पाटी आणि फिरणारा तळ यांमध्ये टेफ्लॉनचे तीन तुकडे, बरोबर पाटीच्या तीन पायांच्या वर. तुकडे पायांच्या मधोमध आले तर पाटी लवते आणि दुर्बीण डुलते. टेफ्लॉनवर घासणाऱ्या बाजूला किंचित दाणेदार सनमायका. तुकड्यांचा आकार अंदाजानं ठरवू नये. दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो भार यावा. नळी आणि खोका मिळून १२ किलो असतील तर प्रत्येक तुकड्यावर ४ किलो, म्हणजे २ सेंमी बाय २ सेंमीचा तुकडा. फार मोठा ठेवला तर ढकलताना जड जातं. टेफ्लॉन बारीक स्क्रूनं बसवावं आणि स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या पुरतं खाली बुडवावं, नाहीतर ते सनमायक्यावर चरा पाडतं. सुतार हमखास सुचवतात की बेअरिंग लावू, लोण्यासारखं फिरेल. नको. लोण्यासारखं फिरणारी दुर्बीण वाऱ्यानं फिरते, पदर लागला तरी फिरते. बोटानं ढकलली की सरकावी आणि बोट काढलं की तिथेच थांबावी. १२० पटीला चंद्रावरचं एखादं विवर मधोमध आणून हात काढावा. विवर मागे उडी मारून सरकलं तर घर्षण असमान आहे, थोडं कारचं मेण लावून बघावं.

वर-खाली फिरण्यासाठी नळीच्या दोन्ही बाजूंना १६० मिमीच्या पीव्हीसी पाइपची टोपणं चालतात. जागा ठरवण्याआधी फाइंडर आणि आयपीस लावूनच तोल बघावा. नंतर जड फाइंडर लावला की नळीचं तोंड आपोआप खाली येतं आणि मग मागे लोहचुंबकं चिकटवत बसावं लागतं.

जोडणी झाली की आरशांची जुळणी. ती खालून वर नव्हे, वरून खाली करायची. आयपीसच्या जागी मधोमध भोक असलेली फिल्म रोलची जुनी डबी बसवून बघावं. आधी दुय्यम आरसा फोकसरच्या बरोबर खाली गोल दिसला पाहिजे, मग त्याचे तीन स्क्रू फिरवून मुख्य आरशाच्या तिन्ही पकडी दिसल्या पाहिजेत, आणि सगळ्यात शेवटी मागचे बोल्ट फिरवून डबीच्या भोकाचं प्रतिबिंब चिकट रिंगच्या मध्ये आणायचं. खरी परीक्षा ताऱ्यावर. मोटार नसल्यानं ध्रुवतारा सोयीचा, तो पळत नाही. पण आपल्याकडे तो क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशांवर असल्यानं हवेच्या लाटा फार येतात, म्हणून दुसऱ्या माणसाला नळी धरायला लावून डोक्यावरचा एखादा ताराही बघावा. फोकसच्या जरा बाहेर तारा कड्यांसारखा दिसतो आणि मधली काळी सावली बरोबर मध्यभागी हवी. फोकसच्या एका बाजूला उभं आणि दुसऱ्या बाजूला आडवं लंबवर्तुळ दिसलं तर आरशाला कुठेतरी ताण आहे, पकडी पुन्हा तपासाव्यात. फाइंडरची जुळणी दिवसाच, किलोमीटरभर दूरच्या मोबाइल टॉवरवर किंवा देवळाच्या कळसावर, सूर्याकडे पाठ करून.

कार्यक्रमाची तारीख तिथी बघून ठरवावी. शुक्ल षष्ठी ते दशमी उत्तम. अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर टॉलेमियस, अल्फॉन्सस, अर्झाकेल ही विवरं एका रांगेत सावल्यांनी भरलेली दिसतात आणि तोंडून आपसूक उद्गार निघतो. मंडळांना कोजागरीला कार्यक्रम घ्यायची हौस असते, पण पौर्णिमेच्या चंद्रावर सावल्याच नसतात. कोजागरीला दूध प्यावं, दुर्बीण सात-आठ दिवस आधी लावावी. शनीच्या कड्या २०२५ मध्ये आपल्याकडे कडेनं वळल्या होत्या, आता त्या वर्षागणिक उघडत जातील, २०३२च्या आसपास पूर्ण रुंद दिसतील. ज्या गावाला आत्ता दुर्बीण दुरुस्त करायची आहे त्याच्या हाती पुढची बरीच वर्षं आहेत.

गच्चीचा स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यावरची हवा उकळते आणि गुरू थरथरतो. शक्य असेल तर शाळेचं मैदान, त्यातही गवत. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी, २५ मिमी जाड आरशाला निवायला तेवढा वेळ लागतो. गर्दीसाठी ४८ पटच वापरावी. त्यात सुमारे एक अंशाचं आकाश मावतं, म्हणजे अख्खा चंद्र आणि बाजूला तेवढीच मोकळी जागा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हे एक अंश ४ मिनिटांत सरकून जातं. १० मिमीला तोच वेळ दीड-पावणेदोन मिनिटांवर येतो आणि दर माणसामागे नळी पुन्हा लावावी लागते. माणशी ४० सेकंद आणि मधली लावालाव धरली तर तासाला साठेक माणसं होतात. दोनशे लोक बोलवले असतील तर दुसरी दुर्बीण किंवा दुसरी रात्र हवी. नळी उभी झाली की आयपीस चार-साडेचार फुटांवर जातो, लहान मुलांसाठी भक्कम पायरी ठेवावी. मुलं आयपीसला लटकतात, म्हणून धरायला शेजारी एक खुर्ची पाठ करून ठेवावी. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर. चंद्र उलटा दिसेल हे रांगेतच सांगून टाकावं, नाहीतर प्रत्येकाचे दहा सेकंद त्याच प्रश्नात जातात.

दुर्बीण परत मोडकळीस येते ती पावसाळ्यात. दव पडलेली नळी लगेच झाकू नये. आडवी ठेवून रात्रभर पंख्याखाली वाळू द्यावी आणि मगच दोन्ही तोंडं बंद करावीत. आत २५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परतून घ्यावेत. डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, त्यांची वाफ काचेवर बसते. जागा तळमजल्याची किंवा ओल येणाऱ्या भिंतीलगतची नको. कोकणात खारी हवा असल्यानं आयपीस वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. खोलीची किल्ली दोघांकडे असावी आणि त्यातला एक तरी विशीच्या आतला असावा. डब्यात एक वही ठेवावी. तीत आरसा कधी धुतला, मुलामा कधी दिला, कुठला बोल्ट कुठल्या मापाचा, सिलिका जेल कधी परतलं, एवढं तारखेसह लिहावं, म्हणजे आजचे शिक्षक बदलून गेल्यावर पुढच्याला कुठून सुरुवात करायची ते विचारत फिरावं लागणार नाही.